पंचेचाळिशीनंतरचं पाणी

साशंक : तू धावतोस याला माझी कधीच हरकत नव्हती. चाळिशीत साखरेचा रिपोर्ट हातात पडला, तू बूट घेतलेस आणि पहाटेचा बिद्री ते मुदाळ तिट्टा रस्ता तुझा झाला. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, दोन-चार अर्धमॅरेथॉन झाल्या. छान झालं. आता शेहेचाळिसाव्या वर्षी पोहणं, सायकल आणि धावणं एकामागोमाग एक, मध्ये न थांबता करायचं म्हणतोस, तेव्हा मला आधी हिशेब विचारावासा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे : आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम कष्टाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असं काही. एवढ्यात माणसाचं भागतं. तू आजच त्या रेषेवर आहेस. गोव्याच्या अर्ध्या आयर्नमॅनची, म्हणजे त्या एकशे तेरा किलोमीटरच्या शर्यतीची, तयारी करायची तर आठवड्याला आठ-दहा तास लागणार, म्हणजे जवळजवळ सहाशे मिनिटं. वरची तीनशे कशासाठी? तब्येतीसाठी, असं मात्र मला सांगू नकोस.

धावणारा : नाही सांगणार, सर. तब्येतीचं काम पहिल्या दोन वर्षांतच झालं. त्याच्या पुढे मी जे धावलो ते वेळेसाठी धावलो. दर मोसमाला माझी वेळ खाली येत होती आणि त्याची चटक लागली होती. मग ती यायची थांबली. सुरुवातीला वाटलं झोप कमी पडतेय, कामावरच्या पाळ्या बदलतायत, बूट झिजलेत. नंतर लक्षात आलं की हे वय आहे. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची ताकद दर दहा वर्षांत साधारण दहा टक्क्यांनी घटते. सराव असेल तर उतार सौम्य होतो, पण उतार राहतोच. त्यात टाचेमागची शीर धरायला लागली. पहाटे अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं भिंतीला धरून टाकायची आणि मग तासभर रस्त्यावर पळायचं, यात काही शहाणपण नाही हे मलाही कळत होतं. म्हणजे माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, स्वतःच्याच जुन्या वेळेमागे लंगडत राहायचं. दुसरी, ज्यात माझी जुनी वेळच नाही असं काहीतरी धरायचं. पाण्यात माझी कुठलीच वेळ नाही. तिथे मी पहिलीतला आहे. या वयात आपल्याला कुणी काही नवीन शिकवत नाही, सर. कामावर आपणच शिकवणारे झालेले असतो, घरात पोरं आपल्याला मोबाईल शिकवतात तेवढंच. मला पुन्हा एकदा काहीच येत नसलेल्या जागी उभं राहायचंय.

साशंक : शिकायचं तर पेटी शीक, मोडी शीक. शिकण्याची हौस एवढीच असेल तर तिला एकशे तेरा किलोमीटर कशाला लागतात? आणि शरीराचंच काही करायचं तर या मातीत त्याची रीत ठरलेली आहे. मी तरुणपणी तालमीत होतो, तुला ठाऊक आहे. गंगावेस असो, मोतीबाग असो, तिथे चाळिशीचा पैलवान जोडीत उतरत नाही. लाल मातीत पाय ठेवतो तो पोरांना डाव दाखवायला, त्यांची पकड कुठे सुटते ते सांगायला. तो वस्ताद झालेला असतो. त्याचा मान कमी होत नाही, उलट वाढतो. वय झालं की स्पर्धेतून बाजूला होऊन दुसऱ्याला घडवायचं, ही आपल्याकडची समज आहे आणि मला ती फार खोल वाटते. तुझ्या या नव्या खेळात पन्नाशीचा माणूस स्वतःचंच घड्याळ बघत राहतो. गावातली पोरं भरतीसाठी पहाटे माळावर पळतात, त्यांना श्वास कसा घ्यायचा सांगणारं कुणी नाही. तू सांगू शकशील. दुसरी गोष्ट ताकदीची. चाळिशीनंतर आधी झिजतो तो स्नायू. पोहण्यात आणि सायकलवर हाडांवर भार पडत नाही, म्हणजे हाडांनाही त्यातून फारसं काही मिळत नाही. तुझ्या वयाला जोर-बैठका हव्यात. त्या तू करत नाहीस, कारण त्याला मेडल नाही.

धावणारा : जोर-बैठकांचं मान्य. ते माझं चुकतंय आणि टाचेचं दुखणं निम्मं त्यामुळेच आहे. पण वस्तादाचं मान्य नाही. वस्ताद व्हायला आधी पैलवान असावं लागतं. मी कधी नव्हतो, सर. शाळेत कबड्डीचा संघ निवडताना मी रांगेत शेवटी उभा असायचो आणि दरवर्षी तिथेच राहायचो. निवडणारे तुम्हीच होता, आणि तेव्हा तुमचं बरोबर होतं, माझ्यात काही नव्हतं. पण त्याचा अर्थ असा की ज्या वयात खेळायचं त्या वयात मी दुसऱ्यांच्या चपला सांभाळल्या. तुम्ही म्हणता बाजूला हो. कशातून बाजूला होऊ? आमच्यासारखी कितीतरी माणसं आहेत : शेतकऱ्यांची, कामगारांची पोरं, ज्यांचं तारुण्य उसाच्या सरीत, पाणी पाजण्यात आणि मग नोकरी शोधण्यात गेलं. त्यांना चाळिशीत पहिल्यांदा हातात थोडा वेळ आणि थोडा पैसा आला. आमचं खेळणं उशिरा सुरू झालंय, ते उशिरा संपणार. कुस्तीत वजनाचे गट असतात, इथे वयाचे आहेत, पाच-पाच वर्षांचे. सिस्टर मॅडोना ब्यूडर नावाच्या अमेरिकन ननबाईंनी २०१२ साली ब्याऐंशीव्या वर्षी पूर्ण आयर्नमॅन संपवली. जपानच्या हिरोमू इनादांनी २०१८ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी हवाईतली जागतिक स्पर्धा पुरी केली. सत्तरीतल्या माणसाला सत्तरीतल्यांशी लढायला जागा ठेवणारा खेळ आपल्याकडे दुसरा कुठला आहे?

साशंक : अशी नावं मलाही येतात. तुम्हा लोकांच्या तोंडी तर मिलिंद सोमण कायमचा आहे. २०१५ साली झुरिकला एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने पूर्ण आयर्नमॅन केली, खरंच आहे. पण तो पोहणारा होता. ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय पातळीवर जिंकलेला. पुण्याचे कौस्तुभ राडकर, ज्यांनी कितीतरी आयर्नमॅन केल्या आणि कितीजणांकडून करून घेतल्या, तेही मूळचे जलतरणपटू. ज्याला पाणी लहानपणापासून येतं त्याने मोठेपणी सायकल आणि पळणं जोडायचं, ही एक गोष्ट झाली. पळणाऱ्याने पंचेचाळिशीनंतर समुद्रात उतरायचं, ही पार वेगळी. तू त्यांच्या नावाचा धीर घेतोस आणि नेमकं जे त्यांच्याकडे होतं ते तुझ्याकडे नाही.

धावणारा : बरोबर पकडलंत. सगळा खेळ पाण्यापाशी आहे. बघा ना, एकशे तेरा किलोमीटरमध्ये पोहणं एक किलोमीटर नऊशे मीटर. दोन टक्केसुद्धा नाही. नव्वद सायकल, एकवीस धावणं. तरी रात्री जाग येते ती त्या दोन टक्क्यांसाठी. मला पोहता येत नाही असं नाही. तुम्हीच तर आम्हा पोरांना विहिरीत ढकललंत, पाठीला वाळका भोपळा बांधून, दोराचं टोक तुमच्या हातात. पण ते विहिरीचं पोहणं. मान वर, छाती पुढे, हात-पाय मारत या पायरीवरून त्या पायरीवर. त्यात दोन हजार मीटर जायचं तर माणूस पाचशेला संपतो. म्हणून फ्रीस्टाईल शिकायला लागलो आणि कळलं की धावण्याने माझं शरीर पाण्याच्या विरुद्ध घडवून ठेवलंय. पळणाऱ्याचा घोटा ताठ असतो, पाऊल नडगीशी काटकोनात राहायची सवय असते. पाण्यात पाऊल मागे लांब व्हायला हवं. माझं होत नाही. शिकवणाऱ्या पोराने मला फळी दिली आणि म्हणाला, हात पुढे ठेवा, नुसते पाय मारा. मी जीव तोडून पाय मारले आणि सर, मी मागे गेलो. खरोखर मागे. बाजूच्या लेनमधली आठ वर्षांची पोरगी थांबून बघत होती. धावताना गुडघा वाकवून पाय ओढायची सवय, तीच मी पाण्यात करत होतो आणि वाकलेलं पाऊल पाण्याला पुढे ढकलत होतं, मला मागे. त्यात मांड्या जड, त्या खाली जातात, अंग तिरकं होतं, मग डोकं आणखी वर काढावंसं वाटतं, तसे पाय आणखी खाली. आणि श्वास. पळताना दम लागला तर तोंड उघडायचं एवढंच ठाऊक. इथे तोंड पाण्यात असताना सगळा श्वास बाहेर सोडायचा आणि बाजूला वळून तेवढ्यात नवा घ्यायचा. मी सोडतच नव्हतो, कोंडून ठेवत होतो. पंचवीस मीटरमध्ये छाती भरून यायची आणि वाटायचं हवा कमी पडतेय, खरं तर आतली शिळी हवा बाहेर गेलेली नसायची. हे समजायला फार दिवस गेले. पण ज्या दिवशी पाण्यात तोंड घालून सावकाश बुडबुडे सोडले आणि वळल्यावर हवा आपोआप आत आली, त्या दिवशी मला जे वाटलं ते कुठल्याही अर्धमॅरेथॉनच्या रेषेवर वाटलं नव्हतं.

साशंक : हे ऐकून मला तुझं कौतुक वाटतं आणि काळजीही तेवढीच वाटते. कारण तू तरणतलावाबद्दल बोलतोयस. तिथे तळाला काळी रेघ आहे, दोन्ही टोकांना भिंत आहे, थकलास तर दांडी धरता येते. आता दुसरी बाजू ऐक. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनचा, म्हणजे अशाच तिहेरी शर्यतींचा, अभ्यास झाला. अचानक मृत्यू, हृदय बंद पडणं, अपघाती मृत्यू असं सगळं धरून १३५ प्रकरणं निघाली. त्यांतली नव्वद पोहण्याच्या टप्प्यात. सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास, आणि पंच्याऐंशी टक्के पुरुष. म्हणजे तुझंच वय, तुझीच जात, तुझाच टप्पा. त्यात आपल्या इथलं हवामान. गोव्यातली ही शर्यत २०१९ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा झाली, पुढेही पावसाळा सरता सरताच होत आली. म्हणजे तयारीचे महिने जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत दूधगंगा काय असते ते तुला मी सांगायला हवं? तांबडं पाणी, झाडं वाहून येतात, बंधारा पाण्याखाली. त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये निम्मं कोल्हापूर पाण्यात होतं. ज्या मोसमात नदीकाठाला जाऊ नका म्हणून दवंडी द्यायची, त्या मोसमात तुम्ही पोहण्याचा सराव करायचा. आणि पाणी निवळतं, बंधाऱ्याला बरगे बसतात, मागे शांत डोह तयार होतो, तोवर तुमची शर्यत झालेली असते. हा खेळ आपल्या नदीच्या वेळापत्रकात बसतच नाही.

धावणारा : आकडे मी वाचलेत. त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आहेत. प्रमाण लाखामागे दोनाहूनही कमी आहे. आणि ज्यांचं शवविच्छेदन उपलब्ध होतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या हृदयात आधीचा दोष सापडला. म्हणून मी पैसे भरण्याआधी हृदयाची तपासणी करून घेणार, ट्रेडमिलवर, इकोसकट. ती नीट आली म्हणजे धोका संपला असं मी म्हणत नाही. नदीच्या वेळापत्रकाचं मात्र उत्तर आहे. ते उलटं धरायचं. या हिवाळ्यात बरगे बसले की बंधाऱ्यामागच्या पाण्यात उतरायचं आणि मेपर्यंत तिथेच पोहायचं, कमरेला नारिंगी फुगा बांधून, एकट्याने कधीच नाही, आणि बंधाऱ्याच्या मोऱ्यांपासून लांब. काळम्मावाडी धरणातून आवर्तन सुटलं की त्या दिवशी उतरायचं नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कोल्हापूरला तरणतलावावर जायचं, शिकलेलं मोडू नये एवढ्यापुरतं. म्हणजे पहिल्या शर्यतीला वर्ष नव्हे, दीड वर्ष लागेल. लागू दे. आणि भिंत नसण्याबद्दल तुम्ही बोललात, तर उघड्या पाण्यात दिशा चुकू नये म्हणून दर सात-आठ हातांनी मान वर काढून लांबचा बोया बघावा लागतो. शहरातल्या पोहणाऱ्यांना ते जमवायला वेळ लागतो. मला ते तुमच्या विहिरीतच आलं. गोव्याचं पाणी कोमट, तिथे तरंगायला मदत करणारा वेटसूट मिळणार नाही. पण दमलो तर बचावपथकाच्या होडीला किंवा कयाकला धरून थांबायची मुभा असते, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. पोहण्याला सत्तर मिनिटं मिळतात. शंभर मीटरला तीन मिनिटं चाळीस सेकंद. हे वेगवान माणसाचं गणित नाही, सर. न घाबरणाऱ्या माणसाचं आहे.

साशंक : न घाबरणं शिकवता येतं की नाही याबद्दल मला शंका आहे, पण तूर्त पुढे जाऊ. पाण्यातून निघालास, सायकलवर बसलास. कुठल्या रस्त्यावर सराव करणार?

धावणारा : गारगोटी ओलांडायची, पाटगावच्या वाटेला लागायचं आणि पंचेचाळीस किलोमीटर झाले की मागे फिरायचं. पहाटे निघालो तर वाहन नसतं, डावी-उजवीकडे डोंगर, चढ-उतार भरपूर. याच्यापेक्षा चांगला रस्ता पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांना स्वप्नातही मिळत नाही.

साशंक : आणि गळीत हंगामात? नोव्हेंबरात कारखान्याचं धुराडं पेटलं की मार्चपर्यंत हा रस्ता उसाचा असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, वर मोळ्या दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या, टेप मोठ्याने लावलेला, त्याला मागची घंटा काय, हॉर्नसुद्धा ऐकू जात नाही. मागे रिफ्लेक्टर असला तर नशीब. पहाटेच्या धुक्यात थांबलेली ट्रॉली दहा हातांवर आल्याशिवाय दिसत नाही. शेतातून गाडी बाहेर पडते ती चाकाबरोबर चिखल घेऊन, आणि तुझ्या त्या बोटभर रुंदीच्या टायरखाली उसाची एक कांडी आली तरी पुरे. यात ट्रॅक्टरवाल्याचाही दोष नाही, तो रात्रभर जागा असतो, खेपेवर त्याचं पोट आहे. रस्ता त्याच्या कामाचा आहे, तुझ्या हौसेचा नाही. आणि हौसेची किंमत बघ. तुमच्यात चांगली म्हणतात ती सायकल दीड लाखाला येते. टनाला तीन हजाराच्या वरचा दर धरला तरी पन्नासेक टन ऊस झाला. आपल्याकडे सव्वा एकराचं वर्षभराचं पीक. त्यावर बूट, पेडल, हेल्मेट, घड्याळ, शर्यतीची फी, गोव्याचा मुक्काम. हे सगळं बाजूला ठेवतो, पैसा तुझा आहे. पण एका गोष्टीला किंमत नाही, म्हणून ती तुझ्या हिशेबात येत नाही. रविवारी पहाटे चार तास तू सायकलवर असतोस. त्या वेळी तुझ्या गोठ्यात म्हशीची धार कोण काढतं? डेअरीला दूध कोण घालतं? वैरण कोण आणतं? तुझी बायको तुझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान. तिचाही गुडघा दुखतो, मी तिला जिना उतरताना बघितलंय. तिच्या साखरेचा रिपोर्ट कधी काढलास?

धावणारा : काढलेला नाही. तिला विचारलं होतं मी, शर्यतीचं. ती म्हणाली, तुम्ही जावा, माझी काही हरकत नाही.

साशंक : कधी विचारलंस? बूट घालून दारात उभा राहून?

धावणारा : ...हो. जवळजवळ तसंच.

या ठिकाणी हा संवाद लिहिणारा मी साशंकाच्या बाजूचा आहे आणि ते मला उघड सांगायचं आहे. खेड्यातल्या पुरुषाच्या प्रत्येक छंदाखाली कुणाची तरी पहाट गेलेली असते. मॅरेथॉनच्या फोटोंत, गळ्यातल्या मेडलांत ती पहाट कधी दिसत नाही. गोठ्यातल्या कामाला सुट्टी नाही आणि हंगामही नाही. तरीही धावणाऱ्याने पुढे जे म्हटलं ते मला टाळता आलं नाही, म्हणून तेही इथे पूर्ण देतो.

धावणारा : तुमचं हे बोलणं मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. पण ते पुढे नेलं तर कुठे जातं बघा. मी सायकल सोडली म्हणून तिचा गुडघा बरा होणार नाही. मी घरी राहिलो तर रविवारी उशिरापर्यंत झोपेन, पूर्वी झोपायचोच की. धार तेव्हाही तीच काढायची. शर्यत आली आणि निदान प्रश्न तरी उभा राहिला. त्याचं उत्तर मी न जाण्यात शोधू, की तिला दोन पहाटा मोकळ्या करून देण्यात? आठवड्यातले दोन दिवस गोठा माझा, आणि ते दिवस सरावाचे नव्हेत. ती त्या वेळात चालेल, झोपेल, नाहीतर काहीच करणार नाही. तिचा वेळ तिचा. सहाशे मिनिटांतली कमी होतील ती माझी होतील. आता गोव्याच्या आधी अर्ध्याच्याही अर्ध्यावर थांबावं लागलं, साडेसातशे मीटर, वीस किलोमीटर, पाच किलोमीटर एवढंच जमलं, तर तेही चालेल. कोल्हापुरात राजाराम तलावावर अशा शर्यती होतात. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही. तिला किती वेळ देता येतो, त्यावर माझं अंतर ठरेल.

साशंक : हे करून दाखव, मग बोलू. माझा आता शेवटचा नाही, पण सगळ्यांत मोठा प्रश्न. समज, शर्यत नाही. फी नाही, नंबर नाही, मेडल नाही, फोटो नाही. बंधाऱ्यात दोन हजार मीटर पोहायचं, पाटगावच्या वाटेला नव्वद सायकल मारायची, आल्यावर मुदाळ तिट्ट्याकडे एकवीस पळायचं आणि गपचूप घरी जाऊन भाकरी खायची. कुणालाही कळणार नाही. करशील?

धावणारा : नाही.

साशंक : म्हणजे शिकणं, पाणी, श्वास हे सगळं सांगायला.

धावणारा : नाही, तेही खरं आहे. पण शर्यत नसती तर मी फळी धरून मागे गेलो त्या दिवशीच घरी आलो असतो. त्या आठ वर्षांच्या पोरीसमोर पुन्हा उभा राहिलो ते तारीख ठरलेली होती म्हणून. सत्तर मिनिटांची अट आहे म्हणून हात सुधारला. माणूस एकटा असला की स्वतःला फार लवकर माफ करतो. तुम्ही तालमीचं बोललात. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, १९१२ साली ते उभं राहिलं. नुसती तालीम पुरली असती तर मैदान कशाला बांधलं असतं? हजारो माणसांसमोर जोड लागते तेव्हा पैलवान स्वतःला कळतो, आणि ते मैदान डोळ्यासमोर असतं म्हणूनच पहाटे चारला तालमीत जोर पडतात. मला लोकांनी बघावं असं वाटतं, यात लाजण्यासारखं काय आहे? आयुष्यात एकदा रांगेच्या शेवटच्या माणसाचं नाव माईकवर घेतलं जावं असं वाटतं. ते मी लपवत नाही.

साशंक : लपवलं नाहीस हे बरं केलंस. पण मैदानाचं नाव काढलंस तर मैदानात आणखी काय असतं तेही बघ. तिथे पंच असतो. कडेला वस्ताद बसलेला असतो. पोराचा खांदा निखळला, श्वास अडकला की कुस्ती सोडवतात. पोर नको नको म्हणतं, तरी सोडवतात. त्या क्षणी त्याला विचारत नाहीत, कारण लढणाऱ्याला त्या वेळी स्वतःचं काही कळत नसतं. तुमच्या खेळाने उलटं केलंय. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली, पंधरा जण उतरले, बारा जणांनी पुरी केली. पोहणारा श्रेष्ठ, पळणारा की सायकलवाला, अशा वादातून ती निघाली, इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण १९८२ मध्ये ज्यूली मॉस नावाची मुलगी शेवटच्या रेषेच्या काही पावलं आधी कोसळली आणि रांगत पुढे गेली. ते दूरचित्रवाणीवर दिसलं आणि हा खेळ जगभर पोचला. तेव्हापासून कोसळून पुढे जाण्याचीच आरती चाललीय. ती तेवीस वर्षांची होती, तू दुप्पट वयाचा आहेस. आणि ती जमिनीवर रांगली. पाण्यात रांगता येत नाही.

धावणारा : म्हणूनच म्हणतो, या हिवाळ्यात नदीवर तुम्ही या.

साशंक : येईन. वय झालं तरी माझी नजर चांगली आहे. हात पाण्यावर आपटायला लागला, मान वारंवार वर यायला लागली की काठावरून मला आधी कळेल. पण मग मी हात वर केला की बाहेर यायचं. त्यावर वाद नाही.

धावणारा : तुमचं ऐकेन, सर. पण थांबायचं की नाही ते शेवटी मी ठरवणार. गोव्याला समुद्रात तुम्ही नसाल. तिथे मला माझंच ऐकावं लागणार, मग ते आत्तापासून यायला हवं. तुम्ही हात वर केला म्हणून दर वेळी बाहेर आलो, तर कधी बाहेर यायचं हे मी शिकणारच नाही.

साशंक : आणि चुकलास तर?

धावणारा : तोच तर सराव आहे.

साशंक : विहिरीत दोर माझ्या हातात होता, म्हणून तुला चुकता आलं. दोर तुला नको, निर्णय तुझा, मग काठावर मी काय म्हणून उभा राहू? बघे खूप मिळतील तुला.

धावणारा : बघ्याला कळणार नाही मी कधी घाबरलोय. तुम्हाला कळेल.

साशंक : आणि कळल्यावर गप्प बसायचं? ते माझ्याने होणार नाही. आधी हे ठरव, मग बरगे कधी बसतायत ते पाटबंधारे खात्याला विचारू.